चौदा पिशव्या पाणी

मी मासे विकते. जेम्सटाउनच्या धक्क्यावर, एकतीस वर्षं.
वजनाचं मला शिकवू नका.
मासळी रात्रभर बर्फात ठेवली की पाणी पिते,
टोपलीमागे पाव किलो सहज वाढतो,
आणि गिऱ्हाईक काट्यावर नजर रोखून म्हणतं,
"कोर्कोय मावशी, मापात पाप नको हं."
मी हसते. दोन बांगडे वर टाकते.

बहिणीचा आयिक्वेई उलटा धंदा शिकला.
त्याला पाणी काढायचं होतं. स्वतःतून.

अडुसष्ट किलोंचा पोरगा, एकसष्टच्या गटात.
शेवटचा आठवडा त्याने जेवण नुसतं हुंगलं.
मी मक्याची केंकी सोडवायची,
तो वरची पानं उचलून नाकाशी धरायचा,
परत ठेवायचा.
भर दुपारी अंगाला प्लॅस्टिक, त्यावर लोकरी स्वेटर,
क्वार्शी कोचच्या मोडक्या टॅक्सीत
काचा वर करून बसवलेला.
हातात दुधाचा रिकामा डबा. थुंक. अजून थुंक.
तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय
ते मी त्या डब्यात पाहिलं,
आधी घोट, मग थेंब, मग नुसता आवाज.

वजनाच्या वेळी चड्डीसुद्धा उतरवली,
दोघांनी पुढ्यात टॉवेल धरला.
ओठ खारवलेल्या मासळीचे.
काटा डुलला, थांबला. एकसष्ट पॉइंट दोन.
टाळ्या.
मग त्याच काट्यावर कुमासीचा यॉ ड्वोमो.
तोही एकसष्ट. पण तो सकाळी जेवून आला होता,
दाताच्या फटीत हिरवी भाजी अजून तशीच.
त्याची आई ते पाहून हसली. मीही.
सारखे, साहेब म्हणाले. दोघे अगदी सारखे.

त्या रात्री गच्चीवर आयिक्वेई पाणी प्यायला बसला.
अर्ध्या लिटरची पिशवी, कोपरा दातानं फोडायचा,
गटगट, की पुढची.
सकाळी झाडताना मी मोजल्या. चौदा.
म्हणजे सात किलो.
शाळेत गेले नाही मी, पण एवढं येतं.

कुणी खोटं बोललं नाही हो.
काटा खरा, कागद खरा, खालची सही खरी.
फक्त ज्याचं वजन केलं
तो दुसऱ्या दिवशी रिंगणात आलाच नाही.
दुसराच आला.

सातव्या फेरीत यॉ खाली बसला,
कुणी दमून ओट्यावर टेकावं तसा,
आणि मग आडवा झाला.
"पाणी पाजलं रे, पाणी पाजलं!" अख्खं बुकोम ओरडलं.
आमच्या दारात चार दिवस ढोल.

मी आयिक्वेईला विचारलं. म्हणाला,
"मावशी, सगळेच करतात.
मी नाही केलं तर समोर
कुणीतरी पंचाहत्तरचा उभा असेल."
हेही खोटं नव्हतं.
तीन दिवस त्याची लघवी कडक चहासारखी होत होती.
आईला सांगू नको, म्हणाला.
नाही सांगितलं.
रागवायचं कुणावर तेच मला ठरवता येईना.
काट्यावर? तो बिचारा
जे ठेवाल तेवढंच सांगतो.

कोर्ले बूच्या दवाखान्यात, लांब बाकावर, यॉची आई.
मी तळलेली मासळी नेली होती. तिने डबा मांडीवर घेतला,
उघडला नाही.
मी पाण्याची पिशवी काढली, कोपरा फोडून पुढे केली.
ती दोन घोट प्यायली,
मग हळूच म्हणाली, त्याला अजून देत नाहीत.
नर्स चमच्याने ओठ ओले करते,
आणि बोटाचं पेर दाखवून म्हणाली, एवढंच.

तिने मी कोण ते विचारलं नाही.
विचारलं असतं तर
मासेवाली, एवढंच म्हणाले असते.